तणावमुक्त माता

"झोपायला हॉल?" पद्मजावहिनींनी विचारलं, आणि त्यांच्या शेजारी सोफ्यावर बसलेल्या दोघी फिस्सकन हसल्या.

"हो, झोपायला," मी म्हटलं.

"अगं अलका, झोपायला माणसाला घर असतंय की!"

"घरात पोरं असतात, वहिनी."

"मग? आमच्या घरात काय पोरं नव्हती?"

होती की. दोन होती. त्यांना आंघोळ घालायला एक बाई, भरवायला दुसरी बाई, शाळेत सोडायला ड्रायव्हर. हे सगळं माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. पण शेजारी नसीम बसली होती आणि तिनं येतानाच रस्त्यात मला बजावलं होतं, "अलकाभाभी, आज तुझं तोंड माझ्या पिशवीत टाक. परत जाताना देते." म्हणून मी गप्प बसले आणि समोर आलेला चहा प्यायले. वहिनींच्या मैत्रिणींना चहा कपबशीतून आला होता, आम्हा दोघींना कागदी पेल्यातून. तो नसीममुळं की माझ्यामुळं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

ही गोष्ट इचलकरंजीतली, बरीच वर्षं झाली. पद्मजावहिनी म्हणजे आवटे शेठच्या सौभाग्यवती. शेठचे कापडाचे माग, आणि वहिनींचं महिला मंडळ. मंडळातल्या बायकांच्या साड्यांना मी पिको-फॉल करून द्यायची, तेवढीच आमची ओळख. मंडळाला स्वतःचा हॉल होता. तळमजल्यावर, भोवती उंच कंपाउंड, आणि मुख्य म्हणजे कडी लागणारं लोखंडी गेट. संक्रांतीचं हळदीकुंकू, नवरात्रातला भोंडला आणि मधेच एखादं पाककलेचं प्रदर्शन सोडलं, तर वर्षभर त्याला कुलूप. आत कबुतरं संसार करायची. त्यांना कुणी विचारत नव्हतं, तुम्हाला घर नाही का म्हणून.

माझी ऋतुजा तेव्हा नऊ वर्षांची होती. तिला ऑटिझम आहे. बोलायची, पण टीव्हीवरच्या जाहिराती बोलायची, अगदी तालासुरात. आणि रस्ता दिसला की सुटायची. मागून ट्रक येवो नाहीतर म्हैस येवो, तिला त्याचं काही नाही. नसीमचा अर्शद तेरा वर्षांचा, अंगानं दांडगा, तोंडातून शब्द नाही. कोल्हापूरला पोरांच्या थेरपीसाठी आम्ही एकाच एसटीनं जायचो, तिथंच आमची ओळख झाली. सरोज आणि तिचा मुलगाही त्याच गाडीला असायचे. तीन आया, तीन पोरं, आणि गाडीतल्या बाकीच्या लोकांचे फुकटचे सल्ले.

अर्शद रात्री झोपायचा नाही. डोळा लागला तर तासभर, की उठला. उठला की दाराची कडी काढून बाहेर. नसीमचा नवरा भिवंडीला कामाला, चार-सहा महिन्यांनी तोंड दाखवणार. घरात सासू, तिला मोतीबिंदू. म्हणजे रात्रभर नसीम जागी, आणि दिवसा घरी बसून मागासाठी कांड्यांवर सूत भरायची, कारण खायला तर लागतंय. एका सकाळी भाकरी करता करता ती स्टोव्हपुढं बसल्या जागी झोपली. बाहीनं पेट घेतला. शेजारणीनं पाण्याची कळशी ओतली म्हणून वाचली. हात कोपरापर्यंत भाजला. मी दवाखान्यात भेटायला गेले, तर मला म्हणते कशी, "भाभी, खरं सांगू? पेटलं ते कळलं मला. पण डोळे उघडायचा कंटाळा आला."

त्या दिवशी मी ठरवलं, या बाईला झोप मिळाली पाहिजे. बाकी जगाचं काय वाटोळं व्हायचं ते होवो.

म्हणून आम्ही वहिनींकडे गेलो होतो. मागणं साधं होतं. आठवड्यातून दोन दुपारी हॉल द्या. दोघी जणी तिन्ही पोरं बघतील, एक जण झोपेल. पुढच्या वेळी दुसरी झोपेल. आम्हाला बाई नको, खाऊ नको, वर्गणी नको. गेट बंद होतंय, तेवढं बास आहे.

"तसा नुसता झोपायला देता येत नाही गं," वहिनी म्हणाल्या. "मंडळाची एक शिस्त आहे. काहीतरी कार्यक्रम पाहिजे. उद्या कुणी विचारलं, हॉलमध्ये काय चालतं, तर काय सांगायचं? बायका घोरतात?"

सोफ्यावरच्या दोघी पुन्हा हसल्या.

"असं करू या," वहिनींचे डोळे एकदम चमकले. "तुमच्यासाठी शिबिर घेऊ! माझ्या भाचीनं पुण्यात एका मॅडमचा कोर्स केलाय. स्नेहल मॅडम. ताण घालवायच्या स्पेशालिस्ट आहेत. भाचीला इतका फरक पडला म्हणून सांगू!"

भाचीला कसला ताण होता ते अख्ख्या गावाला माहीत होतं. तिच्या लग्नाला एसी कार्यालय मिळालं नव्हतं.

"तणावमुक्त माता! काय, नाव कसं वाटतंय?" वहिनींनी मैत्रिणींना विचारलं. त्यांना छानच वाटलं. "आणि हे बघ अलका, पोरांना आणायचं नाही हं. हा आयांचा दिवस."

"मग पोरं कुठं ठेवायची?"

"ठेवा की कुणाकडं तरी."

"कुणाकडं ठेवता आली असती तर हॉल कशाला मागितला असता, वहि—"

नसीमनं माझ्या मांडीला असा चिमटा घेतला की पुढचा शब्द गिळावा लागला. "येतो आम्ही शिबिराला," ती म्हणाली. "मग हॉलचं?"

"शिबिर छान पार पडू दे. पाहुण्या येतील, पेपरवाले येतील. त्यांच्यापुढं मंडळाची शोभा झाली नाही म्हणजे मिळवली. मग हॉलचं बघू."

म्हणजे सगळं आमच्या वागण्यावर होतं. गुणी बायका होऊन दाखवायचं, हसायचं, आणि मग हॉल. परत जाताना नसीम मला म्हणाली, "एक दिवस. फक्त एक दिवस तू गाय हो." मी म्हटलं, "होते." अगदी शप्पथ घेऊन म्हटलं.

शिबिराच्या दिवशी माझ्या नवऱ्यानं कामावर खाडा करून ऋतुजाला सांभाळलं. सरोजनं मुलाला सासूबरोबर कोंडून ठेवलं आणि वर देवाचं नाव घेतलं. नसीमची सासू अर्शदला आवरणार कशी? म्हणून तो आला. दारातच एका पैठणीवालीनं त्याच्याकडं बघून नाक मुरडलं. "ह्याला कशाला आणलं? सांगितलं होतं ना?" नसीम म्हणाली, "पंखा बघत उभा राहतो, त्रास नाही देत." आणि खरंच, तो कोपऱ्यात जाऊन पंख्याकडं मान वर करून उभा राहिला. त्या अख्ख्या हॉलमध्ये तेवढा एकटाच शहाण्यासारखा वागत होता.

सुरुवात ओटी भरण्यानं झाली. हो, ओटी. ऑटिझम असलेल्या मुलांच्या आयांचा ताण घालवायचा, म्हणून त्यांच्या ओट्या भरायच्या, हे पद्मजावहिनींशिवाय कुणाला सुचलं असतं? माझ्या पदरात तांदूळ, खण, नारळ घातला, कुंकू लावलं आणि वहिनी डोळे मिटून म्हणाल्या, "पुढचं लेकरू तरी धडधाकट होऊ दे गं बाई."

माझं ऑपरेशन ऋतुजाच्या पाठोपाठच झालेलं. पण ते जाऊ दे. *पुढचं तरी.* म्हणजे हे जे आहे ते काय, खराब निघालेला नग? बदलून मिळणार होतं? मी नसीमकडं बघितलं. ती डोळ्यांनी म्हणत होती, गाय, गाय. मी वाकून नमस्कार केला. वहिनींच्या पायाला! आजही आठवलं की हात धुवावेसे वाटतात.

मग नसीमची पाळी आली आणि वहिनींचा कुंकवाचा हात हवेतच राहिला. दोघी-तिघी जवळ येऊन कुजबुजल्या. यांना चालतं का, नाही चालत, खण द्यायचा का, नको, मग काय द्यायचं. नसीम शांतपणे बघत होती. शेवटी तीच म्हणाली, "नारळ द्या की वहिनी, चटणीला होईल." सरोज खुसकन हसली. नसीमला नारळ मिळाला आणि वर एक गुलाबाचं फूल, माफी म्हणून.

मग स्नेहल मॅडम आल्या. गालाला चिकटलेला माइक, पांढरा शुभ्र ड्रेस, आणि आवाज असा की जणू आम्ही सगळ्या आजारी आहोत आणि त्या हळूच पेज भरवतायत.

"मातांनो," त्या म्हणाल्या, "तुम्ही निवडलेल्या आहात. देव अशी मुलं खास आयांनाच देतो."

पुढच्या रांगेत वहिनींनी डोळ्याला रुमाल लावला. वहिनींना देवानं दोन धडधाकट दिली होती, म्हणजे देवाचा त्यांच्यावर विश्वास दिसत नव्हता. पण हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

"रोज एक तास फक्त स्वतःसाठी ठेवा. सुगंधी मेणबत्ती लावा. कोमट पाण्यात पाय सोडून बसा. त्या एका तासात मुलाचा विचारसुद्धा मनात आणायचा नाही."

सरोजनं हात वर केला. "मॅडम, मी विचार नाही केला, तरी तो पाण्याच्या टाकीवर चढतोय."

"बघा, हीच ती चिंता! हीच तुम्हाला सोडायची आहे."

"चिंता सोडली तर तो पडंल की."

"ताई, आपण प्रश्न नंतर घेऊ या."

नंतर हसायचं होतं. हात वर करून हा हा हा, हात खाली घेऊन हो हो हो. आम्ही तिघी हसलो. मंडळाच्या बायकाही खुर्च्यांवरून हसल्या, त्यांना तेवढाच व्यायाम. अर्शदनं कानांवर हात ठेवले. नसीम हसता हसता मान वळवून त्याच्याकडं बघत होती, आणि तिचे डोळे मिटत होते. हो हो हो म्हणताना तिचा एकदा तोल गेला, मी दंड धरला.

"आणि आता," मॅडम म्हणाल्या, "आपलं दुःख आपण फोडून टाकणार आहोत."

दोन मुली लाल फुग्यांचा ढीग घेऊन आल्या. टम्म फुगवलेले. प्रत्येकीला एक फुगा, एक मार्कर. आपल्या मनातला ताण फुग्यावर लिहायचा आणि टाचणीनं फट्. नसीमला मराठी लिहिता येत नव्हतं. मी विचारलं, काय लिहू? ती म्हणाली, "झोप लिही." मी लिहिलं.

मॅडमनी फिरता फिरता वाचलं. "झोप? ताई, हा काही ताण नाहीये. खोलवर जा. मूळ भावना शोधा. राग असेल, अपराधीपणा असेल..."

"नाही हो, झोपच आहे," नसीम म्हणाली.

"तुम्हाला वाटतंय तसं." मॅडम गोड हसून पुढं गेल्या.

मी त्यांच्या मागं गेले. खरंच सांगते, अगदी नरमाईनं म्हटलं, "मॅडम, फुगे फोडू नका. त्या पोराला असला आवाज सोसत नाही. लई त्रास होतो त्याला."

"बघा, इथंसुद्धा तुम्ही मुलांचाच विचार करताय!" त्या माइकवरून सगळ्यांना म्हणाल्या. "आजचा दिवस कुणाचा आहे?"

"आयांचा!" मंडळानं ओरडून सांगितलं. त्यांनाही फुगे दिले होते. त्यांना कसलं दुःख होतं देव जाणे, पण फोडायला त्या सगळ्यांच्या आधी तयार होत्या.

"मॅडम, ऐका तरी—"

"एक, दोन, तीन!"

हॉलमध्ये फटाक्यांची माळ लागावी तसा आवाज झाला. आणि त्याच्यावर अर्शदची किंकाळी.

त्यानं आधी स्वतःचं मनगट चावलं. मग डोकं भिंतीवर आपटायला लागला. धप, धप, धप. मंडळात एकच धावपळ उडाली. पैठणीवाली खुर्चीवर चढली, जसा काही उंदीर आलाय. ओट्यांतले नारळ गडगडत गेले. स्नेहल मॅडम स्टेजवर जाऊन माइकमधून ओरडत होत्या, "सगळ्यांनी दीर्घ श्वास घ्या! श्वास घ्या!" आणि पद्मजावहिनी ओरडल्या, "वॉचमनला बोलवा! दोरी आणा, दोरी!"

दोरी. आमच्या पोराला दोरी.

नसीम मात्र धावली नाही. चालत गेली, झपझप, आणि त्याचं डोकं आणि भिंत यांच्यामध्ये तिनं आपला हात घातला. भाजलेला हात. पुढचे दोन दणके त्या हातावर बसले. मग त्याला मिठीत घेऊन ती खाली बसली, त्याला फरशीवर आडवा केला आणि स्वतःचं सगळं वजन त्याच्या अंगावर टाकून झोपली. अर्शदला असं दडपून धरलं की तो शांत होतो, आम्हाला हे ठाऊक होतं. हनुवटी त्याच्या डोक्यावर टेकवून ती एकाच सुरात गुणगुणत राहिली. मी सगळ्यांकडं बघून ओठांवर बोट ठेवलं. मग सरोजनं दिवे बंद केले.

हळूहळू त्याचे पाय झाडणं थांबलं. मग मुठी सुटल्या. श्वास लांब झाला. आणि थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की गुणगुणणंही थांबलंय. मी वाकून बघितलं. नसीमचं तोंड अर्धवट उघडं होतं. ती झोपली होती. दिवसाढवळ्या, एवढ्या पैठण्यांच्या समोर, लाल रबराच्या चिंध्यांमध्ये, थंडगार फरशीवर. पोरगाही झोपला होता.

"शांत झालं ना एकदाचं?" वहिनी कुजबुजल्या. "उठव तिला. प्रमुख पाहुण्या आत्ता येतील. समारोप आहे, फोटो आहे."

"नाही उठणार ती."

"नाही उठणार म्हणजे? बाई फरशीवर पसरलीय, दिसतंय कसं! पाहुण्यांना काय सांगू मी?"

"सांगा, ताण गेला म्हणून."

"अलका, जास्त बोलू नकोस. हॉल हवाय ना तुम्हाला? मग उठव तिला, बाजूला बसव, आणि सरळ कार्यक्रम होऊ दे."

तेव्हा मला गाय व्हायचं होतं, अगदी मनापासून. हॉल तर पुढ्यात होता. नसीमला हलवायचं, "ऊठ गं, थोडा वेळ कळ काढ" म्हणायचं, आणि मग पुढचे कितीतरी दिवस ती झोपली असती. हिशोब करणाऱ्या माणसानं हेच केलं असतं. मी खाली वाकलेसुद्धा. तिच्या खांद्यापर्यंत हात नेला. तिच्या गालाला फरशीवरची धूळ लागली होती आणि चेहरा असा सैल पडला होता की मला ती क्षणभर ओळखू आली नाही. एवढ्या वर्षांत मी या बाईला झोपलेलं कधी बघितलंच नव्हतं.

मी हात मागं घेतला आणि उभी राहिले.

"वहिनी, हॉल तुमचा आहे," मी म्हटलं. "नारळ तुमचे, फुगे तुमचे, पाहुण्या तुमच्या. झोप तिची आहे. तिला हात लावायचा नाही. आता सगळ्यांनी चपला घालायच्या आणि बाहेर जायचं."

"तू मला माझ्या हॉलमधनं बाहेर काढतेस?"

"हो. आणि हळू बोला."

त्यांचं तोंड लालबुंद झालं. मग त्यांनी पदर सावरला. "पुन्हा या हॉलचं नाव काढायचं नाही," त्या म्हणाल्या. "माज बघा बायकांचा! ह्यांच्यासाठी करावं आणि ह्यांनीच..." बाकीचं त्या बाहेर पोर्चमध्ये बोलल्या, बराच वेळ. पाहुण्यांचं स्वागत तिथंच झालं, समारोपही तिथंच झाला. मधेच पेपरचा फोटोग्राफर आत डोकावला आणि मी त्याला हाकलायच्या आत एक फोटो काढून पळाला.

मी आणि सरोज दोन्ही बाजूंना बसून राहिलो. मी रडले. दुःखानं नाही, रागानं. एवढा मोठा हॉल, एवढ्या शिकल्यासवरल्या बायका, एवढे हार-नारळ, आणि त्यातल्या एकीला एवढं कळू नये की दमलेल्या माणसाला झोप लागते?

दुपार कलली आणि पश्चिमेच्या खिडकीतून ऊन तोंडावर आलं, तशी नसीम जागी झाली. उठून बसली, अर्शदला हात लावून बघितलं, हॉलभर नजर फिरवली.

"सगळे कुठं गेले?"

"गेले."

"हॉल?"

"नाही मिळाला."

"तुझ्या तोंडामुळं?"

"माझ्या तोंडामुळं."

तिनं गालावरची धूळ पुसली, अर्शदच्या पायात चपला घातल्या. दारापर्यंत गेल्यावर म्हणाली, "मग आणखी थोडं झोपू द्यायचं होतंस की."

ते मला लागलं.

दोन-तीन दिवसांनी वहिनींची मोलकरीण माझ्या पिको-फॉलच्या दुकानात आली. "बोलावलंय, लगेच." मी मनात सगळी तयारी करून गेले. म्हटलं आता गाय बिय काही नाही, आता जे आहे ते सगळं बाहेर काढायचं. ओटीपासून दोरीपर्यंत एकेक मोजून तोंडावर मारायचं.

वहिनींनी मला सोफ्यावर बसवलं. चहा कपबशीतून आला.

"हे बघितलंस?" त्यांनी पेपर पुढं केला. नसीम आणि अर्शद, फरशीवर गाढ झोपलेले. खाली छापलं होतं, 'तणावमुक्त माता शिबिरात योगनिद्रेची अनुभूती घेताना माता व बालक.' त्याच्याखाली वहिनींचं नाव, आणि त्याच्याखाली स्नेहल मॅडमचं.

"अगं, सकाळपासून फोन चाललेत! पाहुण्यांचा आला, पुण्याहून मॅडमचा आला. म्हणतात, एवढा पटकन परिणाम त्यांनी कुठं बघितला नव्हता."

एवढा निर्लज्जपणा माझ्या तयारीत धरलेलाच नव्हता.

"आता रविवारी मंडळाची सभा आहे," वहिनी पुढं सरकल्या. "काही जणी उगाच बडबडतायत, शिबिराचा बोजवारा उडाला म्हणून. तू दोन शब्द बोल. आई म्हणून. शिबिरामुळं कसा फरक पडला ते सांग. तू बोलतेस चांगली."

"आणि हॉल?"

"तो घ्या की. मंगळवार आणि शुक्रवार घ्या. आपण त्याला केंद्रच म्हणू. तणावमुक्त माता केंद्र."

मला त्यांच्या गालिच्यावर थुंकावंसं वाटलं. खरंच वाटलं, तोंडात थुंकी जमली होती. ओटी, पुढचं लेकरू, कुंकवाचा लटकलेला हात, फुगे, दोरी, सगळं घशाशी आलं होतं. आणि त्याच्याबरोबर नसीमचा तो धूळ लागलेला गाल. मी सगळं एकदम गिळलं आणि वर तो कपबशीतला चहा प्यायले.

रविवारी मी स्टेजवर उभी राहिले. पैठणीवाली पहिल्याच रांगेत होती. मी माइक हातात घेतला आणि सांगितलं की फुगा फुटला आणि माझ्या मनातली सगळी गाठ सुटली. सांगितलं की वहिनी आम्हाला आईसारख्या आहेत. सांगितलं की स्नेहल मॅडमच्या शब्दांत जादू आहे. आणि शेवटी, कुणी सांगितलं नव्हतं तरी, वर हेही ठोकून दिलं की देव अशी मुलं खास आयांनाच देतो. तिथं सगळ्या ढसाढसा रडल्या. आयुष्यात मी एवढं खोटं कधी बोलले नव्हते आणि एवढ्या टाळ्याही मला कधी मिळाल्या नव्हत्या. वहिनींनी मला मिठी मारून हॉलची किल्ली दिली. त्यांच्या अत्तराचा वास माझ्या ब्लाउजला दोन धुण्यांपर्यंत राहिला.

मी बोलत असताना नसीम मागं दाराशी उभी होती. खाली उतरले तेव्हा तिनं माझ्या हातातली किल्ली घेतली, तिच्याकडं बघितलं, आणि परत माझ्या मुठीत ठेवून मूठ दाबली.

मंगळवारी आम्ही गेलो, तर वहिनींनी आमच्या आधीच फ्लेक्स पाठवून दिला होता. चांगला पुरुषभर उंचीचा. हात जोडून हसणाऱ्या वहिनी, आणि कोपऱ्यात एका गोलात मॅडम. वॉचमन म्हणाला, रस्त्यावरून दिसेल असा लावायला सांगितलाय.

हॉलची पश्चिमेची खिडकी रस्त्याकडं होती. भलीमोठी, पडदा नाही. दुपारी तिच्यातून जे ऊन यायचं ते थेट फरशीभर पसरायचं, डोळे मिटले तरी झोप लागायची सोय नाही. मी आणि सरोजनं फ्लेक्स त्या खिडकीवर चढवला आणि चारही बाजूंनी खिळे ठोकले. तोंड बाहेर, वहिनींच्या इच्छेप्रमाणं. आत छान अंधार झाला. नसीम भिंतीकडं तोंड करून आडवी झाली ती थेट संध्याकाळी उठली, आणि पद्मजावहिनी सगळी दुपार उन्हात उभ्या राहून हसत होत्या.